'फटीग' या इंग्रजी शब्दाचे अर्थ व उपयोजन : सोलापूरच्या बहुभाषिक परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

'फटीग' हा इंग्रजी शब्द वैद्यक, अभियांत्रिकी, उद्योग, सैन्य व दैनंदिन व्यवहार अशा निरनिराळ्या क्षेत्रांत निरनिराळ्या अर्थांनी येतो. मराठीत मात्र त्यासाठी बहुधा 'थकवा' हा एकच प्रतिशब्द दिला जातो. प्रस्तुत लेखात या शब्दाचे मूळ, उच्चार, व्याकरण व प्रमुख अर्थ यांचे विवेचन केले असून मराठीतील समानार्थी भासणाऱ्या शब्दांशी त्याची तुलना केली आहे. सोलापूरसारख्या चार भाषांच्या श्रमिक शहरात एकाच प्रतिशब्दावर विसंबल्याने अर्थाची कोणती हानी होते, हे दाखवणे हा लेखाचा मुख्य हेतू आहे.

बीजशब्द : फटीग, थकवा, शीण, श्रम, थकबाकी, बहुभाषिकता, प्रतिशब्द.

१. प्रस्तावना

सोलापुरातील सात रस्ता या चौकात नावाप्रमाणेच अनेक वाटा एकत्र येतात. तेथे चहाच्या गाड्यापाशी, रिक्षाथांब्यावर किंवा एखाद्या दवाखान्याच्या बाकावर थोडा वेळ थांबले तरी मराठी, कन्नड, तेलुगू व दखनी अशा चार भाषा कानी पडतात. दिवसाचे काम संपवून आलेला माणूस मराठीत 'दमलो' म्हणतो, कन्नडमध्ये 'सुस्तागिदे' म्हणतो, तेलुगूत 'अलसिपोयानु' म्हणतो आणि दखनीत 'थक गया' म्हणतो. अनुभव एकच आहे असे वरवर वाटते. परंतु प्रत्येक भाषेने त्या अनुभवाची विभागणी आपापल्या पद्धतीने केलेली आहे.

याच शहरातील महाविद्यालयांत विद्यार्थी इंग्रजीच्या तासाला 'फटीग' हा शब्द ऐकतो आणि वहीत त्याच्यासमोर 'थकवा' असे लिहून मोकळा होतो. परीक्षेपुरते ते पुरेसे ठरते. पुढे तोच विद्यार्थी परिचर्या, औषधनिर्माण, अभियांत्रिकी, समाजकार्य किंवा कामगार कायदा यांपैकी एखाद्या क्षेत्रात जातो तेव्हा हा शब्द त्याला वेगळ्याच रूपात भेटतो. रुग्णाच्या नोंदीतील 'फटीग', पुलाच्या तुळईतील 'फटीग' आणि राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरातील 'फटीग' यांना 'थकवा' हा एकच शब्द पुरत नाही. म्हणून या शब्दाचा विचार केवळ भाषेच्या अध्यापकांनी नव्हे, तर सर्वच विद्याशाखांच्या अध्यापकांनी करणे आवश्यक आहे.

२. मूळ, उच्चार व व्याकरण

हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात फ्रेंच भाषेतून आला. फ्रेंच शब्दाच्या मागे लॅटिनमधील 'फतिगारे' म्हणजे 'थकवणे, दमवणे' हे क्रियापद आहे. व्युत्पत्तिकार त्याचे नाते 'तडा जाणे, खचणे' अशा अर्थाच्या एका जुन्या लॅटिन क्रियापदाशी जोडतात. हे नाते लक्षात ठेवण्यासारखे आहे. या शब्दाच्या मुळाशी केवळ अंग दुखण्याची कल्पना नसून भार पडत राहिल्याने एखादी गोष्ट आतून खचत जाण्याची कल्पना आहे.

उच्चाराच्या बाबतीत विद्यार्थ्यांकडून हमखास चूक होते. 'आर्ग्यू' या शब्दाच्या शेवटी जी तीन अक्षरे येतात तीच येथेही येत असल्याने अनेक जण 'फॅटिग्यू' असा उच्चार करतात. वास्तविक येथे शेवटची दोन अक्षरे मूक आहेत. 'लीग', 'कलीग', 'इन्ट्रीग' यांच्याच पंक्तीतील हा शब्द असून त्यातील आघात दुसऱ्या अवयवावर, म्हणजे 'टीग' वर पडतो. याच मुळापासून झालेल्या 'इन्डिफॅटिगबल' म्हणजे 'न थकणारा, अथक' या विशेषणात मात्र आघात 'फॅ' वर जातो.

व्याकरणदृष्ट्या तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, 'थकवा' या अर्थाने हे नाम सामान्यतः अगणनीय आहे. त्यामुळे त्यापूर्वी 'अ' हे उपपद लागत नाही आणि त्याचे अनेकवचन होत नाही. अनेकवचनी रूप आढळलेच तर बहुधा त्याचा अर्थ बदललेला असतो. दुसरी, 'आय ॲम फटीग' हे वाक्य चुकीचे असून विशेषण म्हणून 'फटीग्ड' हे रूप योजावे लागते. तिसरी, हा शब्द औपचारिक आहे. घरी आल्यावर इंग्रजी बोलणारा माणूस 'आय ॲम टायर्ड' असे म्हणतो. 'फटीग' हा शब्द तो अहवालात लिहितो, डॉक्टरांच्या तोंडून ऐकतो किंवा नियमावलीत वाचतो.

येथेच 'टायर्ड' या शब्दासंबंधीचा एक नेहमीचा घोटाळाही नमूद करणे इष्ट ठरेल. 'काम करून थकलो' हे सांगण्यासाठी विद्यार्थी 'टायर्ड ऑफ वर्क' असे लिहितात. त्याचा अर्थ 'कामाला कंटाळलो, कामाचा वीट आला' असा होतो. शारीरिक कारण सांगायचे असेल तर 'ऑफ' ऐवजी 'फ्रॉम' हे शब्दयोगी योजावे लागते. नोकरीच्या अर्जात किंवा रजेच्या पत्रात एवढ्या एका लहान शब्दाने कष्टाळू माणूस कामचुकार ठरू शकतो.

३. अर्थाच्या सात दिशा

विवेचनाच्या सोयीसाठी या शब्दाचे आजचे उपयोजन पुढील सात गटांत विभागता येते.

(१) सर्वसामान्य अर्थ : दीर्घ शारीरिक वा मानसिक श्रमानंतर येणारी क्षीणता. येथे 'थकवा' किंवा 'शीण' हे प्रतिशब्द योग्य ठरतात. हा थकवा विश्रांतीने व झोपेने बहुधा भरून निघतो.

(२) वैद्यकीय अर्थ : येथे 'फटीग' हे लक्षण आहे, आजाराचे नाव नव्हे. लोहाची कमतरता, मधुमेह, थायरॉईड ग्रंथीचे विकार, क्षयरोग, नैराश्य, झोपेचा अभाव अशी त्याची अनेक कारणे संभवतात. विश्रांती घेऊनही न जाणारा थकवा हा येथील कळीचा मुद्दा असतो. १९८८ साली अमेरिकेत 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' हे नाव रूढ झाले. त्यात हे लक्षण आजाराच्या नावातच आले. कोविडनंतर दीर्घकाळ टिकणाऱ्या तक्रारींतही या लक्षणाला प्रमुख स्थान मिळाले.

(३) शरीरक्रियाशास्त्रीय अर्थ : स्नायू पुनःपुन्हा आकुंचन पावत राहिला की त्याची शक्ती उतरत जाते. हा 'मसल फटीग' होय. यात भावना गौण असून मोजता येण्याजोगी घट मुख्य असते.

(४) औद्योगिक व वाहतुकीचा अर्थ : सलग कामामुळे कार्यक्षमता घटणे, चुका व अपघात वाढणे. 'ड्रायव्हर फटीग' या संज्ञेत चालकाला येणारी झापड व मंदावलेली प्रतिक्रिया हे दोन्ही अंतर्भूत आहेत. पुणे-हैदराबाद महामार्गावर वसलेल्या सोलापूरला या अर्थाचे वेगळे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही.

(५) धातुविज्ञानातील अर्थ : एकदाच पडल्यास धातू सहज पेलेल असा भार लक्षावधी वेळा पडत राहिला की त्यात सूक्ष्म तडा निर्माण होतो. तो वाढत जातो आणि एके दिवशी भाग अचानक तुटतो. फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ ८ मे १८४२ रोजी झालेल्या भीषण रेल्वे अपघाताचे कारण तुटलेला आस हे होते. पुढे जर्मन रेल्वे अभियंता आउगुस्ट व्होलर याने आसांवर पद्धतशीर प्रयोग करून या विषयाचा पाया घातला. १९५४ साली कॉमेट या प्रवासी जेट विमानांचे जे अपघात झाले त्यांच्या तपासातही हेच कारण निष्पन्न झाले. येथे महत्त्वाचा भेद असा की धातूला विश्रांती दिली तरी तडा भरून येत नाही. या अर्थासाठी 'थकवा' पेक्षा 'शिणवटा' हा शब्द अधिक सयुक्तिक वाटतो, कारण त्यात साचत गेल्याची छटा आहे.

(६) सैनिकी अर्थ : शस्त्राशी संबंध नसलेली सफाई, खोदकाम, सामान वाहणे यांसारखी कामे म्हणजे 'फटीग ड्यूटी' आणि त्या वेळी घालावयाचे कपडे म्हणजे 'फटीग्ज'. राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरात जाऊन आलेल्या विद्यार्थ्याला हा शब्द झाडलोटीच्या कामाचे नाव म्हणून ठाऊक असतो. तेथे थकव्याचा नव्हे, तर थकवणाऱ्या कामाचा निर्देश असतो.

(७) लाक्षणिक अर्थ : वारंवार मदत मागितली गेल्याने देणाऱ्याची वृत्ती आटणे म्हणजे 'डोनर फटीग'. दुसऱ्यांचे दुःख सतत पाहून सहानुभूती बोथट होणे म्हणजे 'कम्पॅशन फटीग'. अतिदक्षता विभागात यंत्रांच्या सततच्या घंटांकडे दुर्लक्ष होऊ लागणे म्हणजे 'अलार्म फटीग'. येथे 'थकवा' हा प्रतिशब्द अर्थ पोहोचवत नाही. 'वीट', 'बधिरता' किंवा 'उदासीनता' यांपैकी संदर्भानुसार निवड करावी लागते.

या सातही अर्थांना जोडणारा धागा एकच आहे. कोणत्या तरी भाराची पुनरावृत्ती होते आणि त्यामुळे पूर्वी असलेली क्षमता घटते. 'टायर्डनेस' ही माणसाला जाणवणारी अवस्था आहे. 'फटीग' या शब्दात त्या अवस्थेबरोबर तिचे कारण व तिने झालेली घट यांचाही निर्देश दडलेला असतो. हा फरक पुढील विवेचनाचा आधार आहे.

४. मराठीतील शब्दकुल

मराठी या बाबतीत दरिद्री आहे असा समज करून घेण्याचे कारण नाही. उलट तिच्याजवळ शब्दांची विपुलता आहे. 'दमणे' मध्ये श्वासाचा संबंध आहे. म्हणूनच 'दमलो' म्हणजे थकलो, 'दम लागला' म्हणजे धाप लागली, 'दम घे' म्हणजे थोडा थांब आणि 'दमा' म्हणजे रोग. एकाच मुळावर उभ्या असलेल्या या चार प्रयोगांत वैद्यकाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. 'अंग आंबून जाणे' म्हणजे श्रमाने शरीर ठणकणे. 'गळून जाणे' मध्ये ताप वा उपवासानंतरची अशक्तता आहे. 'मरगळ' मध्ये उत्साहाचा अभाव आहे, तर 'ग्लानी' मध्ये शुद्धीचाही प्रश्न येतो. 'मेटाकुटीस येणे' मध्ये सहनशक्तीचा अंत सूचित होतो.

संस्कृतातील 'श्रम्' या धातूचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. या धातूत कष्ट करणे व थकणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. त्याच धातूपासून 'परिश्रम', 'श्रमिक', 'श्रांत' आणि 'विश्रांती' हे शब्द आले. म्हणजे काम, काम करणारा, कामाने आलेला थकवा आणि तो घालवणारा विसावा हे सर्व एकाच कुळात आहेत. कार्यक्रम पार पडल्यावर कार्यकर्त्यांसाठी 'श्रमपरिहार' योजला जातो. तेथे 'श्रम' चा अर्थ काम असा नसून थकवा असा आहे.

'थकणे' हे क्रियापद व्युत्पत्तिकार प्राकृतातील 'थक्क' या धातूशी जोडतात. त्याचे मराठी उपयोजन इंग्रजी शब्दाच्या पलीकडे जाते. 'आई आता थकल्या' या वाक्यात त्या दिवसभराच्या कामाने दमल्या असे म्हणायचे नसते, तर त्यांचे वय झाले असे आदराने सांगायचे असते. त्याचे भाषांतर 'फटीग' या शब्दाने केल्यास वार्धक्याचे रूपांतर आजारात होते. दुसरा अर्थ याहून महत्त्वाचा आहे. 'हप्ता थकला', 'भाडे थकले', 'पगार थकला', 'थकबाकी', 'थकीत रक्कम' या प्रयोगांत थकतो तो माणूस नव्हे, तर येणे असलेला पैसा. देय वेळ उलटून गेली आणि देणाऱ्याने दिले नाही की मराठीत ती रक्कम 'थकते'. इंग्रजीत या दोन गोष्टींसाठी दोन अगदी वेगळे शब्द आहेत. मराठीने मात्र शरीराचे थकणे आणि येणे थकणे ही दोन्ही एका क्रियापदात सामावून घेतली आहेत.

५. चार भाषा आणि फसवे शब्द

सोलापूरची भाषिक स्थिती येथे विचारात घेणे आवश्यक आहे. जिल्ह्याची सीमा कर्नाटकाला लागून आहे व शहरात कन्नड भाषकांची वस्ती जुनी आहे. तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर समाज शहराच्या पूर्व भागात स्थिरावला. दखनीही येथे पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते. या भाषांत थकव्यासंबंधीचे काही शब्द दिसायला सारखे असले तरी अर्थाने भिन्न आहेत.

'आयास' हा शब्द पाहावा. मराठीत तो 'सायास', 'अनायास' या रूपांतून परिचित असून त्याचा अर्थ प्रयत्न, कष्ट असा आहे. कन्नडमध्ये 'आयास' म्हणजे थकवा. तेलुगूत 'आयासम्' म्हणजे मुख्यतः धाप, श्वास लागणे. एकच संस्कृत शब्द तीन भाषांत कारण, परिणाम व लक्षण अशा तीन पायऱ्यांवर उभा आहे. तेलुगू भाषक वृद्धा दवाखान्यात 'आयासम्' म्हणते तेव्हा तिची तक्रार हृदयाची किंवा फुप्फुसांची असू शकते. सोबतच्या दुभाष्याने कन्नडच्या सवयीने ती 'थकवा' अशी सांगितली तर तपासणीची दिशाच बदलते.

'सुस्त' या शब्दाचीही हीच गत आहे. मराठीत जेवणानंतर 'सुस्ती' येते आणि कामात मंद असणाऱ्याला 'सुस्त' म्हणतात. या शब्दाला आळसाची छटा चिकटलेली आहे. कन्नडमध्ये 'सुस्तु' म्हणजे निखळ थकवा, त्यात दोष नाही. 'बेजार' मराठीत त्रासून मेटाकुटीला आलेल्याला म्हणतात, तर कन्नडमधील 'बेजारु' मध्ये कंटाळा किंवा मनाची खिन्नता असते. तेलुगूतील 'अलसट' म्हणजे थकवा, पण ध्वनिसाम्यामुळे मराठी कानाला त्यात 'आळस' ऐकू येतो.

या शेवटच्या उदाहरणाचे गांभीर्य केवळ भाषिक नाही. थकवा आणि आळस यांत नैतिक अंतर आहे. थकलेल्याला विसावा द्यावयाचा असतो, आळशाला बोल लावावयाचा असतो. एका भाषेतील थकवा दुसऱ्या भाषेत आळस म्हणून पोहोचला तर बोलणाऱ्याचा हक्कच नाहीसा होतो.

यात आता इंग्रजीतून आलेल्या 'विकनेस' या शब्दाची भर पडली आहे. 'विकनेस आलाय' ही तक्रार चारही भाषांत रुळली आहे. वैद्यकशास्त्रात मात्र 'विकनेस' म्हणजे स्नायूंची शक्ती प्रत्यक्ष कमी होणे. हात उचलता न येणे हा 'विकनेस', तर हात उचलता येतो पण उचलवत नाही, चार वेळा उचलल्यावर पुढे नकोसे होते, हा 'फटीग'. पहिल्यात मज्जासंस्थेच्या विकाराची शंका येते, दुसऱ्यात रक्ततपासणीपासून झोपेपर्यंत अनेक गोष्टी विचाराव्या लागतात. परिचर्या व औषधनिर्माण अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना हा भेद मातृभाषेतील उदाहरणांनी समजावून देणे अगत्याचे आहे.

६. थकव्याची मोजणी : गिरणी, घड्याळ व कायदा

१८७७ साली सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहिली. पुढे ती 'जुनी गिरणी' या नावाने ओळखली गेली. तिच्यामागून इतर गिरण्या आल्या आणि भोंग्यावर चालणारे शहर अशी सोलापूरची ओळख झाली. शेतावरचा थकवा सूर्याबरोबर येतो व मावळतो. गिरणीतील थकवा पाळीशी बांधलेला असतो. या नव्या थकव्यासाठी जुने शब्द होते, पण त्याचे मोजमाप नव्हते.

हे मोजमाप युरोपात सुरू झाले. इटालियन शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो याने बोटाने वजन पुनःपुन्हा उचलावयास लावून प्रत्येक वेळची उंची कागदावर उमटवणारे यंत्र तयार केले. उतरत जाणाऱ्या त्या रेषेत थकवा डोळ्यांना दिसू लागला. १८९१ साली त्याचा 'ला फातिका' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधील दारूगोळा कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्याविषयी १९१५ साली समिती नेमली गेली. कामाचे तास वाढवल्याने उत्पादन त्या प्रमाणात वाढत नाही, उलट तास कमी केल्याने ते सुधारू शकते, असे तिच्या पाहणीतून पुढे आले. १९१८ साली 'इंडस्ट्रियल फटीग रिसर्च बोर्ड' स्थापन झाले. 'फटीग' हा शब्द शासकीय संस्थेच्या नावात आला, याचा अर्थ कामगाराचा थकवा हा त्याच्या स्वभावाचा दोष नसून कामाच्या रचनेचा परिणाम आहे हे मान्य झाले.

तथापि या शब्दाखेरीज थकव्याचा दावा मांडताच येत नव्हता असे समजणे चुकीचे ठरेल. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८८४ साली जे निवेदन केले ते मोस्सोच्या ग्रंथापूर्वीचे आहे. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारी सुटी मिळावी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती असावी, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच असावे, या त्यातील मागण्या प्रसिद्ध आहेत. त्याच निवेदनात पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा अशीही मागणी होती. थकलेले शरीर आणि थकलेला पगार हे दोन्ही प्रश्न एकाच कागदावर आले, ही बाब 'थकणे' या क्रियापदाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. दोन्हीकडे काहीतरी देय होते आणि ते दिले गेले नव्हते. १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी सुरू झाली.

कायद्याची वाटचाल त्यानंतरही संथच राहिली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ साली ती अकरा तास व आठवड्याला साठ तास, १९३४ साली बारमाही कारखान्यांसाठी दहा तास व चोपन्न तास आणि १९४६ साली नऊ तास व अठ्ठेचाळीस तास झाली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सलग पाच तासांहून अधिक काम न घेता किमान अर्ध्या तासाचा विसावा देण्याची तरतूद केली. या आकड्यांकडे थकव्याच्या शब्दार्थाचा इतिहास म्हणूनही पाहता येईल. प्रत्येक टप्प्यावर 'किती थकणे न्याय्य आहे' या प्रश्नाचे उत्तर बदललेले दिसते.

सोलापुरातील जुन्या गिरण्या कालांतराने बंद पडल्या व शहराचा श्रम यंत्रमाग आणि विडी या व्यवसायांकडे वळला. विडी वळणाऱ्या स्त्रियांचा विचार या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. त्यांची मजुरी तासावर नसून हजार विड्यांवर ठरते. पान भिजवणे, कापणे, तंबाखू भरून वळणे व दोरा बांधणे ही कामे बहुधा घरीच, स्वयंपाक व मुले सांभाळत होतात. विडी कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला. पण घरी बसून नगावर केलेल्या कामाला पाळी नसते, भोंगा नसतो आणि त्यामुळे त्याचा थकवा कोणत्याच घड्याळावर उमटत नाही. मान, पाठ व बोटे यांचा हा शीण 'मसल फटीग' च्या व्याख्येत तंतोतंत बसतो. तरीही दवाखान्यात तो 'विकनेस' होतो आणि घरात तो 'बायकांचे नेहमीचे दुखणे' होतो.

मानसिक श्रमाच्या बाबतीतही असेच घडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली 'बर्नआउट' ही व्यवसायाशी निगडित स्थिती असल्याचे स्पष्ट केले व तिला रोग म्हटले नाही. 'बर्नआउट' मध्ये शक्तिक्षयाबरोबर कामाविषयीचा दुरावा व कर्तृत्वाची उणीव यांचाही समावेश होतो, म्हणून त्याला 'फटीग' चा पर्याय मानू नये. दोन्ही शब्द 'थकवा' या एकाच रकान्यात घातल्यास हा भेद पुसला जातो.

७. अध्यापनासाठी काही सूचना

वरील विवेचनावरून 'फटीग' शिकवताना प्रतिशब्दाऐवजी तीन प्रश्न द्यावेत असे सुचवता येईल. पहिला, भार कशाचा आहे? दुसरा, कोणती क्षमता घटली आहे? तिसरा, विसाव्याने ती भरून निघते काय? या प्रश्नांच्या उत्तरांवरून विद्यार्थी स्वतःच 'थकवा', 'शीण', 'शिणवटा', 'अशक्तपणा', 'वीट' किंवा 'बधिरता' यांतील योग्य शब्द निवडू शकतो. दिवसभर माग चालवून आलेल्या कामगारासाठी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी येते, तडा गेलेल्या आसासाठी नकारार्थी येते आणि रक्तक्षय झालेल्या स्त्रीसाठी 'केवळ विसाव्याने नाही' असे येते.

त्याचबरोबर विद्यार्थ्यांना आपापल्या घरातील भाषेत थकव्यासाठी कोणते शब्द वापरले जातात याची यादी करावयास सांगावी. सोलापूरच्या वर्गात अशी यादी सहज चार भाषांची होईल. कन्नड वा तेलुगू भाषक विद्यार्थ्याला आपली घरची भाषा वर्गात उपयोगी पडते हे त्यातून जाणवेल. विज्ञान शाखेच्या अध्यापकांनी धातूचा शिणवटा शिकवताना मानवी थकव्याशी असलेले साम्य सांगावे आणि फरकही सांगावा. समाजशास्त्र व वाणिज्य शाखेत कामाच्या तासांचा इतिहास या शब्दाच्या आधारे मांडता येईल.

८. निष्कर्ष

'फटीग' हा शब्द भाराच्या पुनरावृत्तीने क्षमता घटणे या मध्यवर्ती कल्पनेवर उभा असून क्षेत्रानुसार त्याचे अर्थ बदलतात. 'थकवा' हा त्याचा एक प्रतिशब्द आहे, एकमेव नव्हे. मराठीत या अनुभवासाठी शब्द कमी नाहीत, ते नेमकेपणाने वापरण्याची सवय कमी आहे. बहुभाषिक परिसरात ही उणीव अधिक जाचक ठरते, कारण एका भाषेतील थकवा दुसऱ्या भाषेत आळस, सुस्ती किंवा धाप बनू शकतो.

इंग्रजी शब्दाने थकव्याला कारण व मोजमाप दिले. मराठी क्रियापदाने त्याला येण्याचा अर्थ दिला. श्रम केलेल्या माणसाचा विसावा हे त्याचे येणे आहे, आणि ते वेळेवर न मिळाल्यास थकबाकी साचते, ही जाणीव 'थकणे' या शब्दात पूर्वीपासून आहे. इंग्रजी शब्द शिकवताना ही जाणीव विद्यार्थ्यापर्यंत पोहोचली, तर हजार विड्या वळून उठलेली त्याची आई 'दमले' म्हणते तेव्हा ती नेमके काय सांगते आहे हे त्याला अधिक चांगले कळेल.